ताटातलं झाड, विहिरीतला तवंग

ये गं, इकडे जवळ ये. दारात उभं राहून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी थोडं रागवून घेते, मग सांगते. मागच्या खेपेला आलीस तेव्हा जेवणं झाल्यावर तू ताटं एकात एक घातलीस, मोरीत नेलीस, खसकन ओढून वेगळी केलीस आणि नळाखाली धरलीस. बघितलं नाहीस. एकदासुद्धा नाही. दोन ताटांच्या मध्ये श्रीखंड राहिलं होतं. मी ते मुद्दाम निपटून घेतलं नव्हतं. म्हटलं, आपली नात एवढी पुण्याला इंजिनीअरिंग शिकते, तिला दिसेल. तुझं लक्ष खांदा आणि कान यांच्यात दाबलेल्या फोनकडे. अशी कसली घाई असते गं तुम्हाला?

आता कसं बघायचं ते ऐक. खालच्या ताटात काहीतरी घट्टसर राहिलेलं असावं. श्रीखंड चालेल, पिठलं चालेल, साखरेचा पाक असला तर फारच छान. वरच्या ताटाचं बूड त्यावर बसलं की ते मधल्या मधे पापुद्र्यासारखं पसरतं. मग वरचं ताट दोन्ही हातांनी सरळ वर उचलायचं. उचललं की कडेनं हवा आत शिरते. आता हवेनं चारी बाजूंनी सारखं आत यायला काय हरकत होती? पण ती तशी येत नाही. एका ठिकाणी पुढे घुसते, एका ठिकाणी मागे राहते, पुढे गेलेली आणखी पुढे जाते, तिला फाटे फुटतात. ताट सुटून हातात आलं की त्याच्या बुडाला काय उरतं? झाड. अगदी खोड, फांद्या, डहाळ्या, सगळं. खालच्या ताटातही तेच. कोणी काढलेलं नाही, कोणी शिकवलेलं नाही, आणि दर वेळी नवीन.

मला हे पहिल्यांदा दिसलं ते नव्वदीच्या सुरुवातीला, आपल्या मळ्यातल्या हौदावर. घरात सत्यनारायण झाला होता आणि भांड्यांचा ढीग पडला होता. मी आणि तुझ्या मोठ्या आजी, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, राख घेऊन घासायला बसलो होतो. मी एक ताट उचललं आणि उचललेलंच राहिलं.

"काय गं धाकटे, ताटात भविष्य दिसतंय का? घास ना," जाऊबाई म्हणाल्या.

"जाऊबाई, बघा तरी. झाड आलंय."

"मळ्यात झाडं कमी हायेत का, आता ताटात लावून राहिलीस?"

पण त्यांनीही बघितलं बरं का. त्या बोलायच्या असं, पण बघायच्या. मग त्यांनीच पुढचं ताट हळूच सोडवलं आणि म्हणाल्या, "हे तुझ्यापेक्षा जाड आलं." आणि खरंच, हळू उचललं तर फांद्या थोड्या आणि जाड येतात, झटक्यानं उचललं तर पुष्कळ आणि बारीक. हा शोध त्यांचा, माझा नाही. त्या दिवशी भांडी घासायला आम्हाला इतका वेळ लागला, की आतून सासऱ्यांचा आवाज आला, "भांडी घासताय का घडवताय?"

मी शाळा सातवीपर्यंत शिकले. पुढचं जे काही शिकले ते वाण्याच्या पुड्या उलगडून. त्यामुळे एखादी गोष्ट अशी का होते हे विचारायला माझ्याजवळ कोणी नव्हतं, आणि विचारू नये हे शिकवायलाही कोणी नव्हतं. ते झाड माझ्या डोक्यात तसंच राहिलं. पुढे काही वर्षांनी ते कामाला येईल असं कोणाला वाटलं होतं?

तेव्हा आपला मळा गावाबाहेर होता. आजूबाजूला हे फ्लॅट नव्हते. वरच्या अंगानं धरणाचा कालवा जायचा, अजून जातो, त्याला आपण पाट म्हणतो. पाटाला पाणी सुटलं की ते जमिनीतून झिरपून आपल्या विहिरीला चढायचं, पाट बंद झाला की उतरायचं. मळ्यात मेथी, कोथिंबीर, मुळे, गाजरं आणि कडेनं शेवंती. आणि हे सगळं बाजारात जायच्या आधी विहिरीजवळच्या हौदावर धुतलं जायचं. तुझ्या पणजोबांचा, माझ्या सासऱ्यांचा, तो नियमच होता. त्यांना सगळे आबा म्हणत. आबा म्हणायचे, खालून निवळ पाणी येईपर्यंत भाजी धुवायची. पाटीत कोथिंबिरीच्या जुड्या ठेवायच्या, वरून पाणी ओतत राहायचं, खालून गढूळ येतंय तोवर थांबायचं नाही. खालून निवळ आलं की झालं. व्यापारी आपल्या कोथिंबिरीच्या पांढऱ्याशुभ्र मुळ्या बघूनच ओळखायचे, ही आबांची. सगळ्या घराच्या हातात हा नियम बसला होता. तांदूळ, कपडे, पोरांचे पाय, सगळं निवळ पाणी येईपर्यंत.

विहिरीच्या कडेला डिझेल इंजिन होतं. विजेची मोटर होती, पण वीज कधी येईल याचा भरवसा नसायचा. इंजिनातलं ऑइल बदललं की जुनं जळकं ऑइल आबा फेकू देत नसत. इंजिनामागे एका लोखंडी पिंपात साठवायचे. कुंपणाच्या लाकडी खांबांच्या बुडांना ते फासलं की वाळवी लागत नाही. ते पिंप ओल्या मातीवर बसून बसून खालून गंजलं, आणि कोणालाही न कळता त्यातलं काळं ऑइल गळत राहिलं. आम्हाला कळलं ते थंडीत, खांबांना फासायची वेळ आली तेव्हा. आबांनी पिंपाला काठी लावली आणि ते रिकामं वाजलं.

जाऊबाईंनी लगेच डोक्याला हात लावला. "तरीच! तरीच हौदातल्या पाण्याला चार दिवस झाले, रंग दिसून राहिले होते. मला वाटलं, माझ्या डोळ्याला काय झालं."

विहीर दगडानं बांधलेली. दगडी बांधकामाच्या मागे, जमीन आणि दगड यांच्या मध्ये, बांधताना वाळू आणि मुरमाचा भराव घातलेला होता. ऑइल थेट त्या भरावात मुरलं होतं, आणि दगडांच्या सांध्यांतून थोडं थोडं विहिरीत येत होतं. पाण्यावर तवंग. इंद्रधनुष्यासारखा दिसायचा, खोटं कशाला बोलू, दिसायला सुंदर होता. पण कोथिंबिरीला वास लागला. बाजारातून तुझे आजोबा जुड्या परत घेऊन आले. व्यापारी त्यांना म्हणाला होता, "ह्या कोथिंबिरीची फोडणी करायची, का इंजिनात घालून गाडी चालवायची?" आजोबांनी घरी येऊन ते हसत सांगितलं, पण आबा हसले नाहीत. त्या दिवशी ते जेवलेही नाहीत नीट.

मग आबांनी जे केलं तेच आमच्यापैकी कोणीही केलं असतं. भराव धुवायला काढला. पिंपाच्या जागेभोवती मातीचं आळं केलं, त्यात शेजारच्या मळ्यातून पाणी आणून सोडलं, आणि विहिरीत उतरणारं पाणी उपसून लांब पडीक तुकड्यात टाकायचं. पहिलं पाणी उतरलं ते काळंभोर. मग चहासारखं. मग हळूहळू निवळ. आबा पायऱ्या उतरून खाली गेले, दगडातून पडणारं पाणी ओंजळीत घेतलं, उजेडात धरलं, हुंगलं आणि वरती ओरडले, "निवळ आलं! झालं!" तवंग गेला. कोथिंबीर पुन्हा बाजारात गेली.

पाटाला पाणी सुटलं, विहीर चढली, आणि तवंग परत आला.

पुन्हा आळं, पुन्हा पाणी, पुन्हा उपसा. या वेळी तर पाणी लवकरच निवळ आलं. आबा म्हणाले, थोडंच राहिलं होतं, आता गेलं. पुढच्या पाटाला पुन्हा तवंग, पहिल्याएवढाच.

मला इथं खटकलं. बघ हं, लवकर निवळलं तर घाण कमी असायला पाहिजे. घाण कमी असेल तर तवंग कमी पाहिजे. मग हे कसं? मी आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "जमिनीच्या पोटातलं मला काय दिसतंय?" उत्तर बरोबरच होतं, पण त्यानं माझं समाधान झालं नाही.

तोवर घरात दुसरंच वारं वाहायला लागलं होतं. मळ्याच्या अलीकडे प्लॉट पडायला लागले होते. लोक येऊन बांधावर उभे राहायचे, आबांना नमस्कार घालायचे आणि चहा पिता पिता जमिनीकडे बघायचे. थोरले भाऊजी, म्हणजे जाऊबाईंचे यजमान, नाशिक रोडला नोकरीला होते. ते रविवारी आले की म्हणायचे, "आबा, नळ येतोच आहे. ही विहीर घेऊन काय बसलात? बुजवा." त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांची मुलं लहान, मळ्यातच राहणारी, म्हणून त्यांना त्या पाण्याची भीती वाटायची. पण नळाच्या पाण्यावर मळा होत नाही, आणि पाट काही रोज येत नाही. विहीर गेली म्हणजे भाजी गेली, आणि भाजी गेली म्हणजे मळ्याचे प्लॉट. हे सगळ्यांना कळत होतं, बोलत कोणी नव्हतं. ती विहीर आबांनी आणि सासूबाईंनी स्वतःच्या हातांनी खणलेली. सासूबाई मी यायच्या आधीच गेल्या होत्या.

एका रविवारी जेवताना आबाच म्हणाले, "आखाजीच्या सुमाराला पाट सुटेल. त्या पाण्यात तवंग दिसला, तर बुजवायची. मुरमाची गाडी सांगून ठेवलीय." आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. एवढं बोलून त्यांनी ताटात हात धुतला. त्यांच्या पुढ्यात भाकरी अर्धी होती.

त्यांचं ताट मीच उचललं. भाऊजींच्या ताटात ठेवलं, हौदावर नेलं. दोन्हीच्या मध्ये पिठलं होतं. मनात विहिरीचंच चाललेलं. सवयीनं वरचं ताट सरळ उचललं, आणि झाड आलं.

बघत बसले. हवा बाहेरून आली, वाट काढत मधोमध पोचली. पोचली म्हणजे पिठलं गेलं का? कुठं गेलं? ते तर फांद्या होऊन जागच्या जागी होतं. हवेला वाट मिळाली, पिठल्याला काही तिनं बाहेर काढलं नाही. आणि मग ताट तसंच हातात धरून मी विहिरीकडे वळून बघितलं. भरावात पाणीही असंच जात असेल तर? पाणी पातळ, ऑइल घट्ट. पाणी आपली वाट काढून खाली पोचलं, निवळ आलं, आणि ऑइल आजूबाजूला फांद्या होऊन बसलेलं. दुसऱ्या वेळी तर वाटा तयारच होत्या, म्हणून लवकर निवळ!

पण हे नुसतं मनात आलं म्हणून कोण ऐकणार? मलाही बघायचं होतं. जमिनीच्या पोटात दिसत नाही म्हणता ना, मग मी पोट काचेचं करते म्हटलं.

जुन्या खिडकीच्या दोन काचा गोठ्यात पडून होत्या. त्या धुतल्या. तीन बाजूंना कणकेची वळी लावली, खाली मधोमध एक बारीक भोक सोडलं, वरची बाजू उघडी. मध्ये बारीक चाळलेली कोरडी वाळू भरली आणि सुतळीनं काचा आवळून बांधल्या. मग वरून गोडंतेल सोडलं, सगळी वाळू तेलानं भिजून पिवळी होईपर्यंत. इतक्यात जाऊबाई आल्या.

"अगं ए! तळणीचं तेल वाळूला पाजून राहिलीस?"

"थांबा हो, जाऊबाई."

"काय थांबा? भजी करायची का वाळूची?"

"बसा इथं. आणि ती नीळ द्या इकडे."

पांढऱ्या कपड्यांची नीळ मी पाण्यात कालवली आणि ते निळं पाणी वरून हळूहळू सोडलं. आम्ही दोघी काचेला नाक लावून बसलो. सुरुवातीला निळी रेघ सरळ होती, सारवल्यासारखी. मग ती वाकडी झाली. तिला फुगवटे आले. एक फुगवटा जरा पुढे गेला, आणि गेला तो गेलाच. त्याच्या मागून सगळं पाणी त्याच वाटेनं. दुसरं बोट निघालं, तिसरं निघालं, एकाला दोन फाटे फुटले. खालच्या भोकातून आधी तेल थेंबथेंब पडलं, मग निळं पाणी आलं आणि मग जवळजवळ निळं पाणीच येत राहिलं. आणि काचेत? अर्धी वाळू अजून पिवळीच.

जाऊबाईंनी पदरानं काच पुसून पुन्हा बघितलं. मग म्हणाल्या, "मेली, ही तर ताटातली झाडं."

"तीच."

"पण हे असं का जातं गं? सरळ का नाय जात?"

मला जे सुचलं ते मी सांगितलं. मेथीच्या भरल्या वाफ्यात शेळ्या शिरल्या की कसं होतं? पहिली शेळी जिथून घुसते तिथली मेथी आडवी होते. मग दुसरीला बाकीची मेथी तुडवायची गरजच काय? ती पहिलीच्याच वाटेनं जाते. पाण्याचंही तेच. जिथं पाणी थोडं पुढे गेलं तिथं ढकलायला तेल कमी उरलं. म्हणून तिथून जाणं सोपं, म्हणून सगळं तिथूनच, म्हणून ते आणखी पुढे. बाजूचं तेल तसंच.

"मग उलटं करून बघ," जाऊबाई म्हणाल्या. "आधी पाणी भर, मग तेलानं ढकल."

बघ, हाही शोध त्यांचाच. आम्ही वाळू बदलली, आधी पाणी भरलं, वरून तेल सोडलं. तेल खाली उतरलं ते कसं, धोतराच्या काठासारखं सरळ. बोट नाही, फाटा नाही. घट्टानं पातळाला ढकललं की सरळ जातं, पातळानं घट्टाला ढकललं की फाटे फुटतात. आम्ही दोघी एकमेकींकडे बघून हसायला लागलो. तेल किती गेलं याचा हिशेब त्यांनी नंतर मागितला नाही, हे मात्र मी त्यांचे उपकार मानते.

आता आबांना कसं सांगायचं? त्या काळात सासऱ्यांशी सून समोरासमोर बोलत नसे. डोक्यावर पदर, आणि काय सांगायचं ते जाऊबाईंमार्फत किंवा आजोबांमार्फत. पण काचेला बोलायला बंदी नव्हती. मी पुन्हा एकदा तेल भरून, निळं पाणी सोडून, त्या काचा ओसरीवर आबांच्या चहाच्या जागी उजेडात टेकून ठेवल्या. खाली वाटी ठेवली. आणि दाराआड उभी राहिले.

आबा आले. चहा घेतला. काचेकडे पाहिलं. बशी खाली ठेवली. वाटीतलं पाणी बोटानं चाखल्यासारखं करून बघितलं. मग काचेवर बोट ठेवून एका निळ्या फांदीवरून वरून खाली नेलं.

"पाणी वरून गेलं," ते स्वतःशीच म्हणाले. "खालून निवळ आलं. आन तेल?"

"आतच हाय, आबा," जाऊबाई दारातून म्हणाल्या.

"कोणाची करणी ही?"

"धाकटीची. आन माझं तळणीचं तेल."

आबांनी चहा तसाच सोडला. उठले, कोपऱ्यातली कुदळ घेतली आणि विहिरीकडे निघाले. आजोबा मागोमाग गेले. आळं होतं तिथं त्यांनी भरावाला कडेनं उभा छेद घेतला, भिंतीसारखा सरळ. आम्ही बायका लांबून बघत होतो. मग आजोबांनी मला हात केला, ये म्हणून. आबांच्या देखत.

मी गेले. छेदाच्या भिंतीत धुतलेल्या वाळूचे फिकट पट्टे वरून खाली गेलेले, वाकडेतिकडे, काहींना फाटे फुटलेले. आणि त्यांच्या मध्ये काळे, ओले, चिकट गठ्ठे, जसेच्या तसे. इतक्या वेळा पाणी मारूनही. मला ते बघून वाईट वाटायला हवं होतं ना? पण खरं सांगते, मला आनंद झाला. काचेतलं आणि जमिनीतलं एकच होतं.

आबा माझ्याकडे न बघता, विहिरीकडे तोंड करून म्हणाले, "धुऊन जायचं नाय हे. काढूनच टाकायला लागंल." मला वाटतं, ते माझ्याशीच बोलले.

मग सगळं घर लागलं. काळा भराव पाट्या भरभरून उपसला आणि लांब कुंपणाच्या खांबांच्या बुडाशी टाकला. नाहीतरी तिथंच फासायचं होतं ना ते! रिकाम्या जागेत नवी वाळू भरली. भाऊजी रविवारी आले, त्यांनीही पँट दुमडून पाट्या उचलल्या. फक्त अगदी खाली, दगडी बांधकामाच्या पायाजवळ थोडा काळा थर राहिला. तिथं हात घातला असता तर बांधकाम ढासळलं असतं. आबा म्हणाले, राहू द्या. पण त्यांची अट त्यांनी मागे घेतली नव्हती. मुरमाची गाडी सांगितलेलीच होती.

आखाजी झाली, पाट सुटला. विहिरीला पाणी चढायला लागलं तसे आम्ही सगळे काठावर. मुरमाची गाडी बांधावर येऊन उभी, ड्रायव्हर बिडी ओढत बसलेला. पाणी दगडामागून दगड चढत वर येत होतं. निवळ. तळाचा कचरासुद्धा दिसत होता. आणि मग त्या कोपऱ्यात, जिथं पिंप होतं त्याच्या बरोबर खाली, एक रंगीत ठिपका वर आला. रुपयाएवढा. फिरला, पसरला, आणि तिथंच थांबला.

सगळे आबांकडे बघायला लागले. आबांनी काय कबूल केलं होतं ते सगळ्यांना पाठ होतं. तवंग दिसला तर बुजवायची. मी पदर तोंडात धरला.

जाऊबाई वाकल्या, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाल्या, "आबा, एवढ्याशाला तवंग म्हणत्यात व्हय? माझ्या आमटीवर याच्यापेक्षा जास्त असतो."

पहिले भाऊजी हसले. मग आजोबा. मग आबा असे हसले की त्यांना ठसका लागला. उठले, बांधापर्यंत चालत गेले, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "बाबा, चहा घेऊन जा. मुरूम नको."

पुढच्या पाटाला ठिपका थोडा लहान होता. पण संपला मात्र नाही कधी. प्यायला आम्ही नळाचं पाणी घेतलं, भाऊजींचंही ऐकायला हवं ना. पण मळा राहिला. पुढे दोन हजार सालानंतर गुलाब लावला, ठिबक आलं, इंजिन भंगारात गेलं. आबा गेले. जाऊबाई गेल्या. मी अजून भांडी घासताना ताटं सरळ उचलते आणि मनात त्यांना दाखवते, हे बघा, आज बारीक फांद्या.

आता तुझ्याकडे येते. परवा फोनवर तू म्हणालीस, "आजी, तुला नाही कळणार, ते कॉम्प्युटरवर बघावं लागतं." आणि मग तूच सांगत बसलीस, की जमिनीखालच्या दगडातलं तेल काढायला पाण्यानं ढकलतात, आणि पाणी बोटं काढून निघून जातं, तेल मागे राहतं. त्याला बोटंच म्हणतात म्हणालीस. मी गप्प ऐकलं, कारण मला ऐकायला फार गोड वाटत होतं. आणि मग तू म्हणालीस, यावर उपाय म्हणून पाणीच घट्ट करतात, त्यात काहीतरी डिंकासारखं मिसळून. तेव्हा मात्र मी फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले. पाण्याची खळ करायची! एवढं साधं मला का नाही सुचलं गं तेव्हा? जाऊबाईंना नक्की सुचलं असतं.

गोठ्यातल्या त्या काचा मी जपून ठेवल्या होत्या. कणीक लावली, वाळू भरली, तेल सोडलं. आणि या वेळी निळं पाणी नाही, साड्यांना करतो तशी पातळ खळ केली, त्यात नीळ कालवली, गाळून घेतली आणि वरून सोडली. फुगवटे आले, पण बोटं झाली नाहीत. रेघ वाकडीतिकडी का होईना, एकत्र खाली गेली. मागे पिवळं राहिलं ते थोडंच.

पण माझे दोन प्रश्न राहिलेत. बोट पुढे जाता जाता त्याला मधेच दोन फाटे का फुटतात, एकच का नाही राहत? आणि झटक्यानं ताट उचललं की फांद्या बारीक का होतात? आता पुण्याला गेलीस की हे तुझ्या कॉम्प्युटरला विचारून ये. काच मी धुतलेली नाही, तशीच खिडकीत ठेवलीय. आणि येत्या आठवड्यात पाट सुटतोय. विहिरीच्या कोपऱ्यात आता शेंगदाण्याएवढा ठिपका येतो, तो तुला दाखवायचाय. श्रीखंड मी करून ठेवते, ताटं तू उचल. पण सावकाश. लवकर परत ये गं.